चौथी टोळी

खालचं फाटक वाजलं तसा सोनालीने गॅस बंद केला आणि तापलेल्या तेलाची कढई उचलून मोरीच्या कोपऱ्यात ठेवली. भिंतीला अडकवलेला चिमटा आणि उलथनं काढून तिने पिठाच्या डब्यामागे सारलं. जिना चढायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हे सगळं उरकायला ती आता शिकली होती. जितेश, तिचा नवरा, मित्राला, सुमितला, फाटकापर्यंत सोडून परत येत होता. तो पायऱ्या सावकाश चढत होता. सावकाश चढत असला की तो हरलेला असे.

बाहेरच्या खोलीत टेबलावर लढाई तशीच मांडून ठेवलेली होती. थर्माकोलच्या पडक्या भिंती, बाटल्यांच्या झाकणांच्या पाण्याच्या टाक्या, आणि त्यांच्या आडोशाला बोटभर उंचीची, रंगवलेली माणसं. कोणाच्या हातात कुऱ्हाड, कोणाच्या भाला, कोणाच्या साखळी. जितेशची सगळी माणसं आडवी पडली होती. शेवटच्या साखळीवाल्याला सुमितच्या कुऱ्हाडवाल्याने भिंतीच्या कोपऱ्यात गाठून मारलं होतं. जितेश तेव्हा हसला होता. सुमितचा हात हातात घेऊन त्याने भारी खेळलास म्हटलं होतं.

त्याने आत येऊन दाराला कडी घातली. चपला नीट जोडीने ठेवल्या. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून त्याने विचारलं, की सुमितच्या चहात आज साखर कमी का होती.

सोनालीला ठाऊक होतं, बोललं तरी तेच आणि न बोललं तरी तेच. पहिला फटका कानाखाली बसला. दुसऱ्याला ती ओट्यावर आदळली आणि ओट्याची कड बरगडीत घुसली. मग त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोकं भिंतीवर दोनदा आपटलं, फार जोरात नाही, दारावर थाप मारावी तसं. खाली पडल्यावर त्याने लाथ मारली ती मांडीवर, कारण मांडी साडीखाली झाकलेली असते. तो घाईत नव्हता. दुपारपाळीची बस दोनला फाटकाशी येई, आणि आत्ता कुठे अकरा वाजत होते.

आतल्या खोलीत जयवंता खाटेवर पडली होती. जयवंता जितेशची आई. तिचा डावा कान नवऱ्याच्या, आबाजीच्या, एका थपडेने फुटला होता, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. आबाजी गेला, कान तसाच राहिला. स्वयंपाकघरात आवाज सुरू झाला की जयवंता कुशीवर वळे आणि चांगला कान उशीत दाबून धरी. मग तिला काहीच ऐकू येत नसे. उशीवर उजव्या बाजूला खोल खळगा पडला होता.

मोहोपाड्याच्या त्या कॉलनीत सगळेच कोणत्या ना कोणत्या कारखान्यातले. भिंती पातळ होत्या, पण ऐकलेलं कोणी बोलत नसे. सोनालीलाही बोलायचं नव्हतं. तिला फक्त अकरापासून दोनपर्यंतचा वेळ कुठेतरी घालवून टाकायचा होता. इतर दिवशीही जितेश हात उचले, पण ते जाता-येता, एखादी चापट, एखादा धक्का. रविवारचं वेगळं होतं. रविवारी तो खेळात हरे, आणि हरल्यावर बस येईपर्यंत त्याच्या हाताला काम नसे. सुमित काही मुद्दाम हरणाऱ्यातला नव्हता. तो कारखान्यात मापाची यंत्रं तपासायच्या खात्यात होता, आणि खेळतानाही टेबलाशी डोळा आणून, दुसरा डोळा मिटून, टेप लावून अंतर बघे. अर्धा केस कमी असेल तर कमी म्हणे, मग त्यात त्याचंच नुकसान का होईना.

पुढच्या बुधवारी सुमित रंगांच्या बाटल्या परत द्यायला आला, तेव्हा चहा ठेवता ठेवता सोनालीने विचारलं,

"भावजी, तिघाचौघांना बसता येईल असा नसतो का हा खेळ?"

जितेशने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिने लगेच पुढचं सांगून टाकलं, की रविवारी तुम्ही दोघं खेळता, मी नुसती बघते, मलाही शिकावंसं वाटतं. जितेशने हातातली बाटली खाली ठेवली. मग त्याला काहीतरी सुचलेलं दिसलं, कारण तो हसला. दोघांच्या खेळात सुमित त्याला गेले कित्येक महिने मारत होता. तिघांच्या खेळात बायको कोणाच्या बाजूने लढणार हे विचारायची गरज नव्हती.

सुमितला तर आनंदच झाला. घरी त्याची बायको हर्षला या बाहुल्यांना हातही लावत नसे. दुसऱ्या दिवशी तो तीन खोके घेऊनच आला आणि जमिनीवर मांडी घालून एकेक उघडायला लागला.

तिघांचं म्हणजे एक वाईट असतं, तो म्हणाला. दोघं एक होतात आणि तिसरा मरतो. कोणी तसं ठरवत नाही, पण तसं होतंच. चौघं असले तर तेवढं होत नाही, पण मग आपली पाळी यायला वेळ लागतो, माणूस कंटाळतो, मोबाइल काढून बसतो. म्हणून तिघाचौघांसाठी खेळ निवडताना बघून घ्यावं लागतं. पहिल्या खोक्यातला खेळ सगळ्यांनी मिळून खेळायचा. समोर राक्षस, त्यांना खेळच चालवतो, पत्ता उघडला की ते अंगावर येतात. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

"मग आपण मारायचं कोनाला?" जितेशने विचारलं आणि तो खोका पायाने बाजूला सारला.

दुसऱ्यात मेलेली माणसं पुढच्या पाळीला परत उभी राहत. कोणी बाहेर बसत नसे, तासाभरात गुण मोजायचे आणि उठायचं. सुमितला तोच बरा वाटत होता. नव्या माणसाला हाच चांगला, वहिनी, असं तो दोनदा म्हणाला. तिसऱ्या खोक्यावरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. पडक्या शहरातल्या टोळ्या, ज्याची त्याची टोळी वेगळी, तिघं किंवा चौघं. सुमित म्हणाला की हा त्याने हौसेने घेतला आणि नुसता ठेवून दिला, कारण हा चार-पाच तास चालतो. आणि त्यात मेला तो मेला. ज्याची टोळी संपली त्याने उठून बाजूला बसायचं आणि उरलेल्यांचं होईपर्यंत बघत राहायचं. तेच लोकांना आवडत नाही.

सोनालीने पुढचं ऐकलं नाही. चार-पाच तास एवढंच तिच्या कानात राहिलं. सकाळी पोहे खाऊन बसलं तर बस येईपर्यंत सरळ टेबलावरून उठायलाच नको.

"हाच घेऊया," ती म्हणाली.

"तिघांत तीन-साडेतीन तासांत उरकेल," सुमित म्हणाला. "चौघं असतील तर पूर्ण लांबतो."

आतल्या खोलीच्या दारात जयवंता पाटावर बसून भिजवलेले वाल सोलत होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"मी बसते चवथी," ती म्हणाली.

जितेश खो खो हसला. आई, तुला काय समजतंय त्यातलं, तो म्हणाला. जयवंताने सोललेला वाल पातेल्यात टाकला आणि न बघताच म्हणाली, "मंग शिकव."

रविवारी सकाळी चौघं टेबलाच्या चार बाजूंना बसले. प्रत्येकापुढे आठ बाहुल्या होत्या. सुमितने त्या तीन रात्री जागून रंगवल्या होत्या, अगदी भाल्याच्या टोकावरच्या रक्तासकट. त्याने सगळ्यांना नियम सांगितले. पाळी आली की एक माणूस हलवायचा. सहा इंचांच्या आत शत्रू आला तर हाणायचं. फासा टाकायचा, चारच्या वर पडलं की समोरचा मेला, त्याला आडवा करायचा. जयवंताने एवढंच विचारलं, की मला कोनाला मारायचं? सुमित म्हणाला, काकी, जो जवळ येईल त्याला.

जितेश पहिल्याच पाळीपासून सुमितवर धावला. त्याचा हिशोब सरळ होता. तो समोरून जाणार, सोनाली बगलेतून येणार, आणि मध्ये सुमित चिरडला जाणार. त्याचा भालेवाला भिंत ओलांडून गेला आणि त्याने सुमितच्या एका माणसाला उभा कापला. दुसऱ्या पाळीला साखळीने एकाचं डोकं फुटलं. तसं जितेश तोंडाने सांगत होता, फुटलं बघ, मेंदू भिंतीला लागला, आणि फासा पडला की टेबलावर हात आपटत होता. त्या प्रत्येक आवाजाला सोनालीचे डोळे मिटत आणि उघडत.

ती मात्र बगलेतून येत नव्हती. तिचा हिशोब वेगळा होता. जो मरणार नाही त्याचा खेळ लांबेल, आणि खेळ लांबला तर दोन वाजतील. तिने आपली सगळी माणसं एका पडक्या भिंतीमागे दाटीवाटीने उभी केली, पावसात माणसं वळचणीला उभी राहतात तशी.

"पुढं ये," जितेश दातांतून म्हणाला.

तिने एक माणूस पुढे केला. पुढच्या पाळीला परत मागे घेतला.

तोवर जितेशची टोळी पटांगणाच्या मधोमध उघडी पडली होती. समोर सुमित आणि बगलेला जयवंता. सुमितने शांतपणे, माप घेऊन, एकेकाला वेचलं. भालेवाला गेला, दोन कुऱ्हाडवाले गेले. जयवंताच्या बाहुल्यांकडे बंदुका होत्या, आणि ती सांगितल्याप्रमाणे जो जवळ येईल त्याला मारत होती. जवळ येत होता तो तिचा मुलगा. अकरा वाजून थोडा वेळ झाला तेव्हा जितेशचा एकटा साखळीवाला उरला. जयवंताने फासा टाकला. सहा पडले. तिने साखळीवाल्याला आडवा केला आणि हात पदराला पुसला.

"जित्या, तू आउट रे," सुमित हसत म्हणाला.

"मग आता?"

"आता तू बस तिकडं. आमी तिघं."

"किती वेळ?"

सुमितने टेबलावर नजर टाकली. अडीच-तीन तास कुठे जात नाहीत, तो म्हणाला.

जितेशही हसला आणि उठून मागच्या दिवाणावर जाऊन बसला. दिवाण सोनालीच्या पाठीमागे होता. तिला तो दिसत नव्हता, फक्त त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. आपण काय निवडून आणलं ते तिला तेव्हा कळलं. खेळ किती वेळ चालतो एवढंच तिने विचारलं होतं. जो हरतो तो तेवढा वेळ काय करतो, हे तिने विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने मागून आवाज आला. युनिफॉर्मला इस्त्री झाली का? झाली, दारामागे आहे, असं ती न वळता म्हणाली. मग तो उठून स्वयंपाकघरात गेला. पातेल्याचं झाकण फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिलं.

"सोनाली, आत ये जरा."

ती अर्धी उठली.

"एवढी पाळी होऊ दे रे त्यांची," सुमित फासा तिच्याकडे सरकवत म्हणाला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या मनात फक्त खेळ होता. सोनाली परत बसली. म्हणजे पाळी असेपर्यंत कोणी उठवत नाही, हेही तिला तेव्हाच कळलं. टेबलावर आपलं एक जरी माणूस उभं असलं तरी पाळी येत राहणार.

पण सुमितला आता मोकळं रान मिळालं होतं. त्याचा कुऱ्हाडवाला भिंतीला वळसा घालून आला आणि दाटीत उभ्या असलेल्या बाहुल्यांवर तुटून पडला. पळायला जागाच नव्हती. एक पडली, दुसरी पडली. प्रत्येक वेळी सुमित सॉरी हां वहिनी म्हणे आणि पुढची पाळी आली की दुसरी कापी. जितेश केव्हा येऊन खुर्चीच्या मागे उभा राहिला ते सोनालीला कळलं नाही. त्याचा हात मानेवर पडला तेव्हा कळलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, नवऱ्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवलाय. अंगठा मात्र मानेच्या शिरेवर होता, मागच्या रविवारच्या डागावर. एक बाहुली आडवी झाली की तो अंगठा थोडा आणखी आत जाई.

शेवटी तिचं एकच माणूस उरलं. भाला घेतलेली बाई होती ती, टाकीच्या झाकणाला टेकून उभी. सुमितची पाळी आली. त्याने कुऱ्हाडवाला उचलून बघितला, टेप काढला आणि नेहमीप्रमाणे वाकून टेबलाशी डोळा आणला. दुसरा डोळा मिटला. त्या खालच्या अंगाने त्याला टेपचे आकडे दिसले आणि आकड्यांच्या पलीकडे सोनालीची मान दिसली. पदर सरकला होता. त्याखाली पिवळा-हिरवा डाग होता, आणि डागावर जितेशचा अंगठा होता. अंगठ्याचं नख पांढरं फटक पडलं होतं, एवढ्या जोराने तो दाबत होता.

सुमित बराच वेळ तसाच वाकलेला राहिला. टेपवर अंतर पाच इंच दिसत होतं.

"पोचत नाय," तो म्हणाला आणि त्याने टेप गुंडाळला.

जयवंताने त्याच्याकडे पाहिलं. तिलाही ते अंतर डोळ्यांनी कळत होतं.

"बघू," जितेश म्हणाला. त्याने सुमितच्या हातातून टेप ओढून घेतला, पोलादी पट्टी बाहेर काढली आणि दोन बाहुल्यांच्या मध्ये धरली. "पाच हाय की. आंधळा झालास काय? मार."

"मी काकींवर जातो."

"पाच हाय म्हणतो ना. मार तिला."

"नाय मारायची मला."

जितेशने टेप उचलला आणि सोनालीच्या हातावर हाणला. तिची बोटं त्या उरलेल्या बाहुलीभोवती होती. टेपच्या लोखंडी डबीची कड बोटांवर बसली तेव्हा लाकूड फुटावं तसा आवाज झाला. सोनाली ओरडली नाही. तिने फक्त श्वास आत ओढला आणि धरून ठेवला. ज्याला पहिल्यांदा लागतं तो ओरडतो, हे सुमितला समजलं.

तो उठला तशी त्याची खुर्ची मागे पडली. त्याने जितेशची कॉलर धरली. जितेशने तेवढ्यात कोपर फिरवलं, ते सुमितच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला आणि रक्ताचे थेंब पांढऱ्या थर्माकोलवर उडाले. दोघं भिंतीवर आदळले. जितेश अंगाने मोठा होता. त्याने सुमितचा गळा भिंतीशी दाबला आणि दुसऱ्या हाताची मूठ मागे घेतली.

"जितेश," जयवंता म्हणाली. ती जागची हलली नव्हती. "तू मेलायस. तिकडं जाऊन बस."

त्याने गळा सोडला. वळून तो आईकडे आला. मूठ उघडली होती, पण हात वरच होता. जयवंताने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने मान वळवली आणि उजवा गाल पुढे केला.

"ह्यो कान ऱ्हायलाय अजून," ती म्हणाली.

शेजारच्या घरात कोणीतरी टीव्ही बंद केला. जितेशचा हात हवेत तसाच होता, आणि त्या हाताचं पुढे काय करायचं ते त्याला कळेना. शेवटी त्याने तो आपल्याच केसांतून फिरवला आणि दिवाणावर जाऊन बसला.

"सुमित, तुजी पाळी," जयवंता म्हणाली.

सुमितने खुर्ची उचलून सरळ केली आणि बसला. ओठ बाहीला पुसला. मग त्याने कुऱ्हाडवाला उचलला आणि सोनालीच्या बाहुलीपासून दूर, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. तिथे जयवंताची माणसं होती. सोनालीच्या उजव्या हाताची बोटं सुजून जांभळी व्हायला लागली होती. तो हात मांडीवर ठेवून ती डाव्या हाताने खेळू लागली. तिची बाहुली एका पाळीला दोन पावलं इकडे जाई, दुसऱ्या पाळीला दोन पावलं तिकडे. तिला कोणी काही करत नव्हतं.

मात्र सुमित आणि जयवंता एकमेकांना मारत राहिले. खेळ थांबला असता तर सगळ्यांना उठावं लागलं असतं. सुमितच्या कुऱ्हाडी जयवंताच्या बंदूकवाल्यांवर पडल्या, तिच्या गोळ्यांनी त्याचे भालेवाले लोळले. फासा खणखणत होता, माणसं आडवी होत होती. मागे दिवाणावर जितेश बसून होता. एकदा तो उठला, युनिफॉर्म चढवला, बूट घातले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"डबा?" त्याने विचारलं.

सकाळच्या पोह्यांनंतर गॅस पेटलाच नव्हता. जयवंताचा फासा खाली पडून दिवाणाखाली गेला, तो तिने वाकून काढला आणि परत टाकला.

खाली बसचा भोंगा वाजला. ड्रायव्हर दोनदाच वाजवून निघे, आणि बस चुकली की खाडा. जितेशने पिशवी खांद्याला लावली. दाराची कडी काढून तो उंबऱ्यात उभा राहिला. या वेळी तो सुमितकडे बघत नव्हता, आईकडेही नाही.

"रात्री येतो," तो सोनालीला म्हणाला. आवाज अगदी साधा होता, रोज सांगावं तसा.

जिन्यावरून बूट घाईघाईने उतरले. फाटक वाजलं. बसचा दरवाजा बंद झाला, आणि ती पाताळगंगा नदीच्या बाजूला वळून गेल्याचा आवाज हळूहळू विरला. तरी तिघं बसूनच होती. सुमितने सावकाश बोटाने ओठ चाचपला. माझी पाळी ना, सोनाली पुटपुटली, आणि तिने डावा हात बाहुलीकडे नेला.

त्याआधी जयवंताचा हात पोचला. तिने भालेवाली बाई टाकीपासून उचलली आणि टेबलावर आडवी केली.

"आई, फासा नाही टाकलात."

"नाय टाकला. तुजं संपलं. ऊठ."

सोनाली उठली नाही. तिला उठायचं म्हणजे कुठे हे समजत नव्हतं. जयवंता सुमितकडे वळली. तुझी गाडी खाली हाय ना, तिने विचारलं. सुमितने मान डोलावली. आधी दवाखान्यात बोटं दाखवा, ती म्हणाली, डॉक्टर विचारील तर कशानं लागलं ते खरं सांगा, आणि मग हिला कळंबला तिच्या बापाच्या दारात सोडून ये. एकटा जाऊ नको, हर्षलाला संगती घे, लोक उगाच तोंड उघडतात. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, बरेच दिवस मनात घोळवून ठेवल्यासारखं.

सोनालीने आत जाऊन पिशवीत दोन साड्या आणि कागदपत्रांची प्लास्टिकची थैली कोंबली. एका हाताने चेन लागेना, ती सुमितने लावून दिली. दारात चपला घालताना ती थांबली. आतल्या अंधाऱ्या खोलीकडे तिने पाहिलं, मग टेबलाशी बसलेल्या सासूकडे.

"आई, तुम्ही पण चला. रात्री ते येतील."

जयवंता टेबलावर वाकून बघत होती. सुमितची माणसं ती एकेक करून आडवी करत होती, कारण त्यांना खेळवणारा आता निघाला होता. त्या पडक्या शहरात बाकी सगळीकडे मेलेली माणसं होती.

"माजी अजून दोन उभी हायत," ती म्हणाली आणि तिने फासा उचलला.